म्हाताऱ्या व्हॅनला मोठी चाकं

फोक्सवॅगनची तिसऱ्या पिढीची ट्रान्सपोर्टर १९७९ साली आली. युरोपात ती टी३, ब्रिटनमध्ये टी२५ आणि अमेरिकेत व्हॅनगन. इंजिन मागे, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावर बसलेला, अंग डब्यासारखं सरळसोट. वेस्टफालियाच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांत तर अख्खा संसार असतो: गॅसची शेगडी, सिंक, छोटा फ्रिज, मागच्या सीटचा पलंग, आणि छत वर उचललं की माळ्यावर दुसरा. भारतात ही गाडी कधी विक्रीला आली नाही. पण जर्मनीत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुणा ना कुणाला ती भुरळ घालतेच. गाडी घेतली जाते, पत्र्याचा गंज निघतो, कूलंटच्या नळ्या बदलल्या जातात, आणि मग एके दिवशी मालक चार पावलं मागे जाऊन गाडीकडे बघतो. एवढं मोठं धड आणि खाली १४ इंची चाकं! तिथून पुढे सुरू होतो तो प्रश्न या लेखाचा विषय आहे.

मोठी चाकं लावण्याची कारणं लोक बरीच सांगतात. त्यातली दोन खरी वजनदार आहेत. पहिलं म्हणजे टायरची टंचाई. १४ इंचात व्हॅनचा भार पेलणारे चांगले टायर वर्षागणिक कमी होत चाललेत. युरोपात १८५ आर १४ सी हे मूळ माप अजून मिळतं, तरी निवड तुटपुंजी. अमेरिकेत तर शोधाशोध करावी लागते. १५ आणि १६ इंचात मात्र नव्या व्हॅनसाठी बनलेले टायर मुबलक आहेत. दुसरं कारण ब्रेकचं. टी३ला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक येतात, आणि १४ इंची रिमच्या पोटात याहून मोठी डिस्क आणि कॅलिपर मावत नाहीत. ब्रेक सुधारायचे तर चाक मोठं करणं भागच पडतं.

बाकीची कारणं म्हणजे महामार्गावर इंजिन शांत फिरेल, गाडी जमिनीपासून उंच होईल, आणि दिसेल छान. दिसण्याला नावं ठेवायचं कारण नाही. चाळीस वर्षांची गाडी कुणी निव्वळ सोयीसाठी बाळगत नाही. पण ‘उंच होईल’ यात फारसा दम नाही. टायरचा व्यास ३६ मिलिमीटरने वाढला तर गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १८ मिलिमीटर. बसलेल्या स्प्रिंग बदलल्या तरी याहून जास्त मिळतं.

गोंधळ होतो तो क्रमात. आधी रिम आवडते, मग तिच्यावर बसेल तो टायर शोधला जातो, आणि सगळं फिट झाल्यावर कुणीतरी विचारतं की हे वजन पेलेल ना. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी गाडीचं वजन, त्यावरून टायर, टायरच्या उंचीवरून गिअरचा आणि ब्रेकचा हिशोब, आणि रिम सगळ्यात शेवटी.

तर वजन. टी३ कॅम्परचं भरल्या गाडीचं कमाल वजन २,४०० किलोच्या आसपास धरतात आणि मागच्या आसाची मर्यादा १,३०० किलोच्या आसपास. नेमका आकडा गाडीवरच्या पाटीवर असतो आणि तोच खरा. १,३०० धरला तर मागच्या एका टायरच्या वाट्याला येतात ६५० किलो. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे जो दोन किंवा तीन अंकी आकडा असतो, तो भारांक. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९३ म्हणजे ६५०, ९७ म्हणजे ७३०, ९९ म्हणजे ७७५, १०२ म्हणजे ८५०. म्हणजे ९३ चालेल? कागदावर चालेल. पण मोटारीसाठी बनवलेला टायर व्हॅनसारख्या वाहनाला लावायचा असेल तर अमेरिकेच्या नियमात त्याची क्षमता १.१ ने भागून धरतात, कारण व्हॅन उंच असते, वळणावर कलते आणि तिच्यावर ओझंही बेहिशेबी चढतं. ६५० किलो उचलायचे तर टायर ७१५ किलोचा हवा, आणि ७१५ च्या वरचा पहिला भारांक येतो ९७. फोक्सवॅगनने अलॉय चाकांच्या टी३ला २०५/७० आर १४ मापाचा मजबूत बांधणीचा टायर दिला, त्याचा भारांक ९७च होता. योगायोग असेलही, पण कंपनीच्या अभियंत्यांनी हाच हिशोब मांडला असावा असं मानायला मला आवडतं. पत्र्याच्या रिमवरच्या १८५ आर १४ सी टायरचा भारांक तर १०२. तिथे हात अगदीच सैल सोडलेला.

आता बाजारात दिसणारी एक लोकप्रिय जोडणी घ्या: १६ इंची अलॉय आणि त्यावर २०५/५५ आर १६. हा टायर जगभर मिळतो, स्वस्त आहे, गाडी खाली बसलेली आणि देखणी दिसते. साध्या बांधणीत त्याचा भारांक ९१, म्हणजे ६१५ किलो. १.१ ने भागा, उरतात ५५९. दोन टायरचे मिळून १,११८ किलो, आणि आसाची मर्यादा १,३००. रिकाम्या गाडीला हे खपून जातं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकीत पन्नासेक लिटर पाणी, गॅस, किराणा, तंबू, मुलं आणि मागच्या दारावर दोन सायकली घेऊन तीच गाडी आल्प्सच्या घाटाला लागते तेव्हा मागचे टायर दिवसभर क्षमतेच्या पलीकडे राबत असतात. टायर लगेच फुटत नाही. आतून तापत जातो, पट्टे सैल होत जातात, आणि महिन्यांनी एखाद्या गरम दुपारी वरचा थर सुटून येतो. तेव्हा दोष रस्त्यातल्या दगडाला दिला जातो.

मागच्या दारावरच्या सायकलींचा जाता जाता उल्लेख केला, पण तिथे एक गंमत आहे. मागच्या आसाच्या मागे टांगलेलं वजन आसावर जसंच्या तसं येत नाही, जास्त येतं. ते पुढचा भाग उचलायला बघतं आणि तेवढा भार आणखी मागे ढकलतं. इंजिन आधीच मागे आहे. म्हणून अंदाजपंचे न बोलता सुट्टीला निघताना असते तशी भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढचा-मागचा आस वेगवेगळा तोलून घ्यावा. मोठ्या चाकांच्या सगळ्या उठाठेवीत एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी दुसरा उद्योग नाही.

टायरवरच्या ‘सी’ बद्दलही एक सावधगिरी. युरोपीय मापात शेवटी येणारा सी म्हणजे मालवाहू किंवा व्यावसायिक गाडीचा टायर. अमेरिकेत सी, डी, ई ही अक्षरं टायरच्या मजबुतीची पायरी सांगतात, अनुक्रमे सहा, आठ आणि दहा प्लाय. दोन्ही सी एक समजून खरेदी झाली की घोळ होतो. अमेरिकेत आणखी एक सापळा आहे. १४ आणि १५ इंचात भरपूर भारांकाचे, स्वस्त टायर दुकानात रचलेले दिसतात, त्यांच्या मापाआधी एसटी असतं. ते मागे ओढायच्या ट्रेलरचे. ट्रेलरला ना स्टेअरिंग ना इंजिन. टायरने फक्त ओझं वाहायचं. ते टायर व्हॅनला लावणं म्हणजे भारांक बघून डोळे मिटणं.

सी टायर घ्यावा की मोटारीचा एक्सएल, म्हणजे जादा भार पेलणारा, यावर टी३वाल्यांमध्ये कायमचे दोन तट आहेत. सी टायरची बाजूची भिंत जाड आणि ताठ. टी३चं अंग उंच आणि सपाट; पुलावर बाजूचा वारा लागला किंवा मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी एका लेनमधून दुसरीत सरकू बघते. ताठ भिंतीच्या टायरवर ही सरक खूप कमी होते आणि स्टेअरिंग सतत सावरत बसावं लागत नाही. मोबदल्यात प्रत्येक खड्डा ताटवाट्यांच्या कपाटापर्यंत पोचतो. एक्सएल टायर मऊ चालतो, ओल्या रस्त्यावर बहुधा बरा ब्रेक लागतो, आवाज कमी. २१५/६५ आर १६ मापात १०२ भारांकाचे एक्सएल टायर आहेत, त्यामुळे ‘एक्सएल म्हणजे कमकुवत’ हे आता सरसकट खरं नाही. घरातल्या सगळ्या वस्तू, दोन मुलं आणि डोंगर, असा प्रवास असेल तर मी सीकडे झुकेन. दोघंच जाणार, सामान बेताचं, बहुतेक डांबरी रस्ता, तर चांगल्या कंपनीचा एक्सएल घेऊन कुणी चुकलं असं म्हणता येणार नाही.

हवेचा दाब मात्र दोन्हींत एकच समजू नये. १८५ आर १४ सी टायरला कॅम्परसाठी कंपनीने सांगितलेला दाब पुढे ४० आणि मागे ४८ पीएसआयच्या घरातला होता. पेट्रोलपंपावर मोटारीत ३२ भरायची सवय असलेल्या पोऱ्याला हा आकडा सांगितला की तो एकदा वर बघतो. टायर बदलला की दाबही बदलतो, आणि तो दरवाजावरच्या जुन्या चिठ्ठीवर मिळणार नाही. नव्या टायरच्या कंपनीच्या भार-दाब तक्त्यातून, वजनकाट्यावरच्या आकड्यासमोर बघून घ्यावा लागतो. पुढच्यापेक्षा मागे जास्त, हा नियम तेवढा कायम. इंजिन मागे असलेल्या गाडीला मागे हवा कमी पडली तर वळणावर तिचं शेपूट बाहेर पळू बघतं.

आता उंची. मूळ १८५ आर १४ सीचा व्यास साधारण ६५० मिलिमीटर. २०५/६५ आर १५ येतो ६४८, म्हणजे जवळपास तेवढाच. २१५/६० आर १६ होतो ६६४, अडीच टक्क्यांच्या आत. २२५/६० आर १६ म्हणजे ६७६. २१५/६५ आर १६ म्हणजे ६८६, साडेपाच टक्के जास्त; १४ इंची रिमवरच बसणारा २७ × ८.५० मापाचा जाड नक्षीचा टायरही याच उंचीचा. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०४, आठ टक्क्यांच्या वर.

साडेपाच टक्के कानाला किरकोळ वाटतात. पण गाडीत ताकद किती आहे ते बघा. अमेरिकी बाजारातलं सगळ्यात जोरदार म्हणता येईल असं इंजिन म्हणजे २.१ लिटरचं, पाण्यावर थंड होणारं पेट्रोल इंजिन, त्याची ताकद ९५ अश्वशक्तीच्या घरात. युरोपात निघालेलं १.६ लिटरचं साधं डिझेल जेमतेम ५० ची. वर दोन टनांहून जास्त वजन. टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो. सपाट महामार्गावर फायदा आहे: ताशी १०५ किलोमीटरला साडेतीन हजारांच्या वर गरगरणारं इंजिन दोनशेएक फेऱ्यांनी खाली येतं आणि बोलणं ऐकू येतं. पण चढ लागला की चौथ्यात जी गाडी कशीबशी निभावत होती ती आता तिसऱ्याची मागणी करते, आणि तिसऱ्यात वेग राहत नाही. पहिला गिअरही लांबतो, त्यामुळे तंबूच्या मैदानातल्या चढावर गाडी रेटताना क्लच जळतो. तीन गिअरच्या ऑटोमॅटिकला तर हे फारच जाणवतं. अडीच-तीन टक्क्यांपर्यंत इंजिन काही बोलत नाही. साडेपाच टक्क्यांना निरोगी २.१ चालवून घेतं, थकलेलं १.९ कुरकुरतं. त्यापुढे गिअरबॉक्स उघडून दात बदलायची किंवा दुसरं इंजिन घालायची तयारी असेल तरच जावं. सुबारूचं इंजिन बसवलेल्या टी३ पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मालकांचे अनुभव ऐकून मूळ इंजिनवाल्यांनी टायर ठरवू नयेत.

ब्रेकचंही तेच गणित. ब्रेक चाकाला जी पकड देतो ती टायरच्या त्रिज्येने भागून रस्त्यावर पोचते. टायर साडेपाच टक्के मोठा, तर त्याच पायाच्या जोराला ब्रेक सुमारे पाच टक्के कमी. ब्रेक सुधारायला म्हणून मोठं चाक घेतलं आणि डिस्क जुनीच ठेवली तर काम उलटंच झालं. स्पीडोमीटरही मागे पडतो: काटा १०० दाखवताना गाडी १०५ ने जात असते. युरोपातल्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, आणि जुन्या गाड्यांचे काटे बहुधा थोडं जास्तच दाखवतात, त्यामुळे तीन-चार टक्के कधी कधी त्यातच मुरतात. त्यावर विसंबण्यापेक्षा मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहावं.

मोठं चाक खरंच लावायचं झालं तर काय काय बदलावं लागतं, याचं उत्तर खुद्द कंपनीने देऊन ठेवलंय. १९८५ पासून ऑस्ट्रियात ग्राट्सला श्टायर-डाइमलर-पुखच्या कारखान्यात टी३ची चारही चाकांना ताकद देणारी सिंक्रो बनत होती. तिची साधी आवृत्ती १४ इंची चाकांवर, आणि खडतर वाटांसाठीची १६ इंची, २०५ आर १६ टायरवर. या दुसऱ्या गाडीला नुसती चाकं बदलून दिली नव्हती. चाकांच्या कमानी मोठ्या कापल्या, वर काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, सांगाडा जागोजागी मजबूत केला, बेअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे मोठे घातले, ब्रेक वाढवले, गिअरचं गुणोत्तर खाली उतरवलं. म्हणजे टायर जवळजवळ ९ सेंटिमीटरने उंच करायला अभियंत्यांना अर्धी गाडी नव्याने आखावी लागली. आपण टायरवाल्याच्या दुकानात एका दुपारी तेच करू बघतो, तेव्हा या यादीवर एकदा नजर टाकलेली बरी.

आता रिम. टी३ला पाच भोकं, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, ११२ मिलिमीटर. मधलं भोक ६६.६. नेमकी हीच दोन मापं मर्सिडीजच्या मोटारींची, आणि म्हणून जगभरातल्या टी३खाली मर्सिडीजची जुनी अलॉय दिसतात. भंगारवाल्याकडे मुबलक, दणकट, दिसायला सभ्य. उलट फोक्सवॅगनच्याच पुढच्या पिढीच्या, टी४च्या चाकांची पीसीडी ११२ असली तरी मधलं भोक ५७.१, ते टी३च्या हबवर चढतच नाही. टी५ची पीसीडीच १२०. घरच्या सुनेपेक्षा शेजारीण जास्त उपयोगी पडावी, असा प्रकार.

पण मर्सिडीजची चाकंही डोळे झाकून घेण्यासारखी नाहीत. जुन्या मर्सिडीजचे बोल्ट १२ मिलिमीटरचे, टी३चे १४ चे. रिमची भोकं मोठी करून घ्यावी लागतात, आणि हे काम हातातल्या ड्रिलने करायचं नाही. मशीनवर, पाचही भोकं मध्याशी नेमकी राहतील असं. दुसरं, नट जिथे टेकतो ती बैठक. मर्सिडीजची गोलाकार, बाजारातल्या बऱ्याच अलॉयची ६० अंशाची शंकूसारखी. गोल बैठकीत शंकूचा नट आवळला तर तो कडेच्या एका बारीक रेघेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो, टॉर्क पानाही टक्‌ करून होकार देतो, आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर सैल झालेला असतो. तिसरं, रिमची स्वतःची भारक्षमता. टायर १०२ चा घेतला आणि रिम मोटारीच्या वजनाची असली तर साखळीतली कच्ची कडी रिम होते. काही मर्सिडीज रिम ६५० किलो पेलतात, काही नाही. रिमच्या पाठीमागे कोरलेला पार्ट नंबर घेऊन खात्री करावी. नवीन अलॉय घेत असाल तर भार रिमवरच लिहिलेला असतो. जपानी पद्धतीत हलक्या ट्रकसाठी तपासलेल्या रिमवर जेडब्ल्यूएल-टी असा ठसा असतो, नुसता जेडब्ल्यूएल म्हणजे मोटारीची.

ऑफसेट हा भाग बहुतेक जण वरवर बघतात, आणि घासाघाशीचं मूळ तिथेच असतं. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे, तो ऑफसेट. जर्मन पद्धतीत ईटी. टी३ची मूळ पत्र्याची रिम ५.५ इंच रुंद, ईटी ३९. समजा तुम्हाला जुन्या मर्सिडीजची ६.५ इंच रुंद, ईटी ४९ ची रिम मिळाली. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण १३ मिलिमीटर. ऑफसेट १० ने वाढला, म्हणजे सगळी रिम १० मिलिमीटर आत सरकली. आतली कड एकूण २३ मिलिमीटर आत गेली. पुढच्या चाकाला हे परवडत नाही. वरच्या बॉल जॉइंटजवळ टायर जाऊन भिडतो. उलट ७ इंच रुंद, ईटी ३७ ची रिम आत १७ आणि बाहेर २१ मिलिमीटर वाढते. यात जागा जास्त समतोल वाटली जाते, पण पूर्ण स्टेअरिंग वळवून चाक खड्ड्यात दाबलं गेलं की पुढच्या कमानीच्या मागच्या कडेला उंच टायर घासू शकतो. चाक बाहेर काढायला मध्ये चकती, म्हणजे स्पेसर, घालतात. चालतं, पण स्टड लांब घ्यावे लागतात, आणि चकतीही हबवर नेमकी बसणारी हवी.

ऑफसेट फार कमी करून चाक ऐटीत बाहेर काढलेली टी३ उभी असते तोवर छान दिसते. चालवली की कळतं. टायर रस्त्याला टेकतो ती जागा आणि चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा यांच्यातलं अंतर वाढतं. मग प्रत्येक खड्डा स्टेअरिंगला हिसका देतो, ब्रेक मारताना गाडी बाजूला ओढते, बेअरिंगवर वजन तिरकं येतं. पुष्कळ टी३ना पॉवर स्टेअरिंग नाही. २२५ रुंदीच्या टायरवर अशी गाडी पार्किंगमध्ये वळवून बघा, दंड-बैठकांची गरज उरत नाही. बर्फाळ भागात राहणाऱ्यांना रुंदीचा आणखी एक त्रास: साखळी बसवायला जागा उरत नाही. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत हिवाळ्यात साखळी जवळ ठेवावी लागते, आणि टी३ला ती मागच्या चाकांना चढवायची असते. तशीही भुसभुशीत बर्फात अरुंद टायर बरा चालतो. २०५ ते २१५ च्या पलीकडे जाण्याचं रस्त्यावर पटेल असं कारण मला दिसलेलं नाही. सतरा इंचाबद्दलही तेच. रिम जितकी मोठी, रबराची भिंत तितकी बुटकी, आणि कॅम्परला भिंत हवी असते.

कायद्याचा मामला देशागणिक बदलतो. जर्मनीत टायरचं किंवा रिमचं माप गाडीच्या कागदात नसेल तर ट्युफ किंवा डेक्राच्या तपासनिसाकडून मंजूर करून घ्यावं लागतं, आणि तो रिमच्या भारक्षमतेचा कागद मागतो. मंजुरी नसेल तर विम्याचाही प्रश्न येतो. तीस वर्षांहून जुन्या गाडीला एच अक्षराची ऐतिहासिक पाटी घेतली असेल तर बदल त्या काळाला शोभणारे हवेत; जुन्या मर्सिडीजची रिम तिथे खपण्याची शक्यता, नव्या काळ्या कुळकुळीत १८ इंचीची नाही. २०१८ पासून बनलेल्या हिवाळी टायरवर जर्मनीत डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतं. नुसती एम+एस ही अक्षरं आता पुरत नाहीत. अमेरिकेत कुणी एवढं विचारत नाही, आणि म्हणूनच तिथे भारांकाचा घोळ जास्त दिसतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीच्या कागदाशी न जुळणारे बदल करायला आडकाठी आहे. भारतात जुन्या टेम्पोचा कॅम्पर बनवणाऱ्यांनी चाकांना हात लावण्याआधी ते डोक्यात ठेवावं.

दुसऱ्या व्हॅनवाल्यांना यातला बराचसा भाग जसाच्या तसा लागू होतो, मापं तेवढी वेगळी. फियाट ड्युकाटोत हलक्या चासीची १५ इंची चाकं ११८ पीसीडीची आणि मॅक्सीची १६ इंची १३० ची, त्यामुळे ‘मॅक्सीची चाकं लावू’ हा बेत हबपाशीच अडतो. या मोठ्या गाड्यांना सीपी खुणेचे, खास कॅम्परसाठीचे टायर मिळतात. महिनोन्‌महिने भरल्या वजनाने एका जागी उभं राहायचं, हे गृहीत धरून त्यांची बांधणी केलेली असते. टी३च्या मापांत ते मिळत नाहीत.

उभं राहण्यावरून वयाचा मुद्दा. कॅम्परचे टायर क्वचितच झिजून गोटा होतात, ते वाळून मरतात. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. सहा वर्षांनंतर दरसाल नीट तपासणी आणि दहाला निवृत्ती, ही ढोबळ मर्यादा. वापरलेली रिम ‘टायरसकट’ स्वस्तात मिळाली की नक्षी बघून माणूस खूश होतो. आधी हे चार आकडे बघावेत.

मग निवडायचं काय? मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स, भरलेला संसार, असा साधा हिशोब असेल तर १५ इंचात २०५/६५ सी, १०२ भारांकाचा, हा मला सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग वाटतो. उंची मूळचीच, त्यामुळे काटा, गिअर, ब्रेक कशालाच धक्का नाही. ब्रेक वाढवायचे असतील तर १६ इंच आणि २१५/६०, भारांक बघून. २१५/६५ आर १६ दिसतो सुरेख आणि महामार्गावर चालतोही छान, पण तो घेणाऱ्याने त्याच खर्चात ब्रेकही धरावेत. आणि चाकांच्या आधी शॉक अॅब्सॉर्बर, पुढच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट तपासावेत. गाडी रस्त्यावर भरकटते म्हणून चाकं बदलणाऱ्यांपैकी अनेकांचा आजार तिथे असतो.

राहिली स्टेपनी. टी३मध्ये ती पुढच्या नाकाखाली, एका बिजागरीच्या ताटात असते. बोल्ट काढला की ताट खाली लटकतं. ते ताट १४ इंची मापाचं आहे. मोठं चाक त्यात जात नाही. काही जण जुनी १४ इंचीच स्टेपनी ठेवतात. नव्या टायरची उंची मूळच्या इतकीच असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत जायला ती पुरते. मात्र अलॉयचे नट पत्र्याच्या रिमला चालतील असं नाही, म्हणून जुन्या नटांचा एक संच स्टेपनीबरोबर ठेवावा लागतो. उंची बदलली असेल आणि गाडी सिंक्रो असेल तर एकच वेगळं चाक चारही चाकं जोडणाऱ्या यंत्रणेला त्रास देतं. मग पूर्ण मापाचं पाचवं चाक मागच्या बंपरवर झुलत्या हातावर टांगतात, आणि त्याचं लोखंडासकट वजन मागच्या आसाच्या हिशोबात पुन्हा धरावं लागतं. जॅकही नव्या उंचीला पुरतो का, ते घरच्या अंगणात एकदा चाक उतरवून बघावं. नट १८० न्यूटन-मीटरला आवळायचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की टॉर्क पाना पुन्हा फिरवायचा.